घरचं जुनं शूटिंग कापायला अन् एमपीफोर करायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

औसेकर
नमस्कार मंडळी, थोडी मदत पाहिजे. आईची पंच्याहत्तरी करायचं ठरलंय, पुण्याकडची भावंडं, बहिणी, त्यांची लेकरं सगळे गावाकडं येणारेत अन् त्या दिवशी घरातलं जुनं शूटिंग मोठ्या टीव्हीवर लावायचं असं डोक्यात आहे. शूटिंग बक्कळ आहे पण सगळं वेगवेगळ्या जातीचं. थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या व्हीसीडी आहेत, त्यात डॅट नावाच्या फायली दिसायल्यात. धाकटीच्या लग्नाची डीव्हीडी आहे, त्यात व्हीओबीचे तुकडे. नंतर घरी हँडीकॅम आला त्याच्या एमटीएस फायली, त्यात वाढदिवस आहेत, बारसं आहे, अन् सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे येळवसाचं, म्हणजे वेळ अमावस्येच्या शेतातल्या पूजेचं शूटिंग, आबा कोपीभोवती आंबील शिंपडत "ओलगे ओलगे" म्हणत फिरायलेत, मागं आम्ही सगळी पोरं. आबा आता नाहीत. शेवटी जुन्या नोकियातल्या थ्रीजीपी फायली.

मला नकोसं कापायचंय, लग्नात तासभर नुसत्या स्टेजवर फोटो काढणाऱ्या रांगा आहेत त्या काढायच्यात, मग चांगलं तेवढं जोडून मधे मधे मराठीत नावं टाकायचीत, अन् पेनड्राइव्हवर घालून टीव्हीला चाललं पाहिजे. लॅपटॉप साधा आहे, आय थ्री, ४ जीबी रॅम, विंडोज १०. एक फुकटचा कन्व्हर्टर टाकून बघितला तर व्हिडिओच्या मधोमध त्याचंच नाव छापून आलं, ते काढायचे पैसे मागायलाय. पूर्वी मूव्ही मेकर होता तो आता सापडना. एकच सॉफ्टवेअर सांगा ज्यात सगळं होईल, पैसे द्यावे लागले तरी चालतील पण काम पक्कं पाहिजे.

परभणीकर
हँडब्रेक घ्या दादा. फुकट आहे, नाव-बिव काही छापत नाही, व्हीओबी, एमटीएस, थ्रीजीपी सगळं उघडतो अन् एमपीफोर करून देतो. फक्त त्यांच्या स्वतःच्या साईटवरूनच उतरवा, दुसरीकडून नको. २०१७ मधे त्यांच्याच एका डाउनलोड सर्व्हरवरच्या मॅकच्या फाईलमधे कुणीतरी व्हायरस घुसवला होता, मग त्या कुठल्या-कुठल्या फुकट सॉफ्टवेअरच्या साईटींचा काय भरवसा. मूव्ही मेकर पण मायक्रोसॉफ्टनी २०१७ च्या जानेवारीतच बंद केला, आता त्या नावानं जे मिळायलंय त्याच्या नादी लागू नका.

जालना_एडिटर
कशाला जुनंपानं वापरता, सरळ दाविंची रिझॉल्व्ह टाका, फ्री व्हर्जन आहे, फोरकेपर्यंत एक्सपोर्ट होतं, वॉटरमार्क नाही. कलर करेक्शन त्यात जे होतं ते बाकी कशात होत नाही, जुन्या लग्नाच्या व्हिडिओतला पिवळेपणा काढायला एक नंबर.

हिंगोली_स्टुडिओ
जालनावाले भाऊ, रिझॉल्व्ह मी रोज वापरतो, सॉफ्टवेअर भारी आहे यात वादच नाही, पण ४ जीबी रॅमच्या आय थ्रीवर ते धड उघडणार पण नाही. त्याला १६ जीबी रॅम अन् बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागतं. औसेकरांना ते सांगून उपयोग नाही.

औसेकर दादा, थोडं लांबड लावतो पण सगळं वाचा, कारण यात घाई केली की घरचा खजिना कायमचा खराब होतो, अन् हे मी स्टुडिओत लोकांच्या बाबतीत नेहमी बघायलोय. लोक येतात, "सर ही फाईल जरा क्लिअर करून द्या" म्हणतात, अन् फाईल उघडून बघावं तर ती कुणीतरी कन्व्हर्ट केलेली, मग कापून परत कन्व्हर्ट, मग व्हाट्सॲपवरून आलेली. त्यात चेहरेच उरलेले नसतात, नुसते चौकोन. मूळ सीडी कुठंय विचारलं तर म्हणतात एमपीफोर झाला म्हणून टाकून दिली.

म्हणून पहिली गोष्ट, एक सॉफ्टवेअर शोधू नका, एक क्रम ठरवा. आधी मूळ फायली जशाच्या तशा हार्डडिस्कवर उतरवा, त्याची अजून एक कॉपी दुसऱ्या डिस्कवर ठेवा, शक्यतो दुसऱ्या घरी, भावाकडं वगैरे. मग कापा, पण कापताना कन्व्हर्ट करू नका. मग जोडा, नावं टाका, अन् अगदी शेवटी एकदाच कन्व्हर्ट करा. दर वेळी कन्व्हर्ट केलं की व्हिडिओ नव्यानं दाबला जातो अन् थोडं थोडं जातं, ते परत येत नाही.

आता तुमच्या फायली एकेक बघू. व्हीसीडीतली डॅट फाईल म्हणजे आत एमपेग वन असतं, साईज ३५२ बाय २८८, याच्यापेक्षा जास्त त्यात काही नाहीच. त्याला एचडी करायच्या भानगडीत पडू नका, आकडा मोठा होतो, चेहरा नाही. एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरमधून कॉपी करून घ्या, व्हीएलसी प्लेअरमधे चालते, बहुतेक वेळा हँडब्रेकपण उघडतो. कॉपी करताना सीडी अडकत असंल तर मऊ कपड्यानं मधल्या भोकापासून कडेला सरळ पुसा, गोल गोल पुसू नका, अन् दुसऱ्या एखाद्या ड्राइव्हमधे घालून बघा, एका ड्राइव्हमधे न वाचणारी सीडी दुसऱ्यात बऱ्याचदा वाचते.

डीव्हीडीचे तुकडे हे तुकडे नाहीतच, तो एकच सलग व्हिडिओ आहे. डीव्हीडीच्या नियमानं एक व्हीओबी फाईल १ जीबीच्या पुढं जात नाही म्हणून तसं पडलेलं असतं. एकेक व्हीओबी वेगळी कन्व्हर्ट करू नका, सांध्यावर आवाज तुटतो, मंगलाष्टक मधेच अडखळतं. अख्खं व्हिडिओ टीएस फोल्डर कॉपी करा, हँडब्रेकला तो फोल्डरच दाखवा, तो आपोआप सलग धरतो. लग्नाच्या डीव्हीडीला सिनेमासारखं कुलूप नसतं त्यामुळं अडचण येत नाही.

हँडीकॅमच्या एमटीएसचं तर आधी काही करूच नका. तो आतून एचटूसिक्सटीफोरच आहे, एमपीफोरमधे व्हिडिओ दाबायची पद्धत बहुतेक हीच असते, म्हणजे जे करायचंय ते झालेलंच आहे, नुसती डबी वेगळी आहे. पुष्कळ टीव्हीवर एमटीएस तसाच चालतो, लावून तर बघा. फक्त कार्डावरून घेताना सगळं फोल्डर उचला, स्ट्रीम फोल्डरमधल्या एकट्या फायली नको, कारण शूटिंग लांबलं की कॅमेरा स्वतःच तुकडे पाडतो अन् कोणता कुणाच्या मागं हे बाकीच्या फायलीत लिहिलेलं असतं.

कापायला लॉसलेसकट घ्या. गिटहब नावाच्या साईटवर फुकट मिळतो, साध्या लॅपटॉपवर पळतो. कन्व्हर्ट करतच नाही, नुसता तुकडा उचलून वेगळा ठेवतो, त्यामुळं तासाभराचा व्हिडिओ पण चहा पिईपर्यंत कापून होतो अन् क्वालिटी जशीच्या तशी. तो नाही जमला तर ॲव्हिडेमक्स, त्यात व्हिडिओ अन् ऑडिओ दोन्हीला कॉपी ठेवायचं, सुरुवातीला ए शेवटी बी खूण मारायची अन् सेव्ह.

मग शॉटकट. एडिटिंग, नावं, गाणं सगळं त्यात होतं, फुकट आहे, वॉटरमार्क नाही. ४ जीबीवर एमटीएस अडखळंल, म्हणून सेटिंगमधे प्रॉक्सी चालू करा, म्हणजे काम करताना तो हलकी कॉपी वापरतो अन् शेवटी एक्सपोर्ट मूळ फाईलवरून करतो. पहिली मोठी क्लिप टाइमलाइनवर टाकायच्या आधी व्हिडिओ मोड बघून घ्या, आपल्याकडच्या सीडी, डीव्हीडी, हँडीकॅमचं शूटिंग सेकंदाला २५ फ्रेमचं असतं, तो ३० वर असंल तर हालचाल झटके खात दिसंल.

अजून एक, अन् हे लई जण विसरतात. डीव्हीडी अन् हँडीकॅमचं शूटिंग इंटरलेस्ड असतं, म्हणजे एका फ्रेममधे दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकाआड एक विणलेल्या. जुन्या डब्बा टीव्हीवर ते बरोबर दिसायचं, आताच्या एलईडीवर किंवा कॉम्प्युटरवर कुणी हललं की कडेला फणीच्या दातासारख्या रेषा दिसतात. कन्व्हर्ट करताना हँडब्रेकच्या फिल्टरमधे डीइंटरलेस लावायचं, बीडब्ल्यूडिफ किंवा याडिफ, अन् प्रीसेटला बॉब. बॉब केलं की सेकंदाला ५० फ्रेम होतात, नाचणाऱ्यांची हालचाल मूळ शूटिंगसारखी सरळ राहते. मग फ्रेमरेट पण ५० ठेवा, ती फाईल शॉटकटमधे घेतली तर तिथला व्हिडिओ मोडपण ५० चा, २५ राहिला तर केलेलं वाया. व्हीसीडीला हे लागत नाही.

औसेकर
सर एवढं सविस्तर लिहिलंत, लई आभार. तुम्ही सांगितलं तसं आधी सगळं हार्डडिस्कवर उतरवून घेतलं, एक डिस्क भावाकडं पाठवतोय. लॉसलेसकट पण टाकला, खरंच पटकन कापतो. दोन अडचणी आल्यात. एक म्हणजे मी जिथं खूण मारली त्याच्या थोडं आधीपासून तुकडा सुरू व्हायलाय, डीव्हीडीत कमी, पण ज्या क्लिपा मेहुण्यांनी आधी कुठंतरी एमपीफोर करून ठेवल्यात त्यात पाच-सात सेकंद मागं जायलाय. अन् दुसरं म्हणजे डीव्हीडीतून एक एमपीफोर करून टीव्हीला लावला तर सगळे बारीक अन् उभट दिसायलेत, धाकटी तर नवरीच्या वेशात ओळखूच येईना. लॅपटॉपवर मात्र बरोबर दिसतंय.

अन् मराठी नावं शॉटकटमधे कशी टाकायची, फ्लेक्सवाल्याकडनं टाइप करून आणलेला मजकूर चिकटवला तर नुसती इंग्रजी अक्षरं अन् खुणा आल्या.

हिंगोली_स्टुडिओ
कापायचं असं आहे की व्हिडिओत प्रत्येक फ्रेम पूर्ण नसते. मधे मधे एक पूर्ण फ्रेम, कीफ्रेम म्हणतात तिला, अन् बाकीच्यात फक्त काय बदललं तेवढंच. कन्व्हर्ट न करता कापायचं तर कीफ्रेमवरच कापावं लागतं. डीव्हीडीत ती अर्ध्या सेकंदाला येते म्हणून फरक जाणवत नाही, पण कन्व्हर्ट केलेल्या एमपीफोरमधे दोन कीफ्रेममधे १० सेकंदापर्यंत अंतर असू शकतं. म्हणूनच आधी कापा मग कन्व्हर्ट करा म्हणालो. मेहुण्यांकडं मूळ फायली असतील तर त्या मागवा, नसतील तर कापताना दोन्हीकडं जास्तीचं ठेवा अन् शॉटकटमधे बारीक नीट करा.

उभट चेहऱ्याचं कारण, आपल्या पाल डीव्हीडीत (पाल म्हणजे आपल्याकडची टीव्हीची पद्धत) चित्र ७२० बाय ५७६ साठवलेलं असतं पण ठिपके चौकोनी नसतात, दाखवताना ते आडवं ताणायचं अशी सूचना फाईलमधे लिहिलेली असते. लॅपटॉपवरचा प्लेअर ती सूचना वाचतो, तुमचा टीव्ही वाचत नाही. हँडब्रेकमधे डायमेन्शन्समधे जाऊन ॲनामॉर्फिकला नन (None) करा अन् साईज ७६८ बाय ५७६ द्या. लग्न फोर बाय थ्रीचं असंल असं धरून सांगतोय. दोन्ही बाजूला काळी पट्टी येईल ती येऊ द्या. पडदा भरायचा म्हणून कुणी टीव्हीच्या रिमोटनं ताणलं तर सगळे जाडे दिसतील, पाव्हण्यांच्या हातात रिमोट देऊ नका.

क्वालिटीचा आरएफ आकडा डीव्हीडीला १८ ते २० च्या आसपास ठेवा, एचडीला २० ते २२. आकडा जितका कमी तितकी क्वालिटी जास्त अन् फाईल मोठी. येळवसाच्या शूटिंगमधे ज्वारीचं हिरवं रान, कडबा, वाऱ्यानं हलणारी पानं असणार, अशा बारीक हलत्या चित्राला जास्त जागा लागते, तिथं कंजूषी केली की रानाचा नुसता हिरवा चिखल होतो. तेवढ्या भागाला १८ च ठेवा.

मराठीचं म्हणाल तर फ्लेक्सवाल्याचा मजकूर जुन्या फाँटमधला आहे, त्यांच्या मशीनवर तो मराठी दिसतो पण आतून ती इंग्रजी अक्षरंच असतात. युनिकोडमधे टाइप करा, मोबाईलवर मराठी लिहिता तेच युनिकोड, स्वतःलाच मेसेज करून तिथून चिकटवलं तरी चालतं. फाँट निर्मला यूआय किंवा नोटो सान्स देवनागरी निवडा. जोडाक्षरं नीट येतायत का ते मोठं करून तपासा.

गोदाकाठची
मी नांदेडहून. स्टुडिओवाल्या सरांनी सगळं नीट सांगितलंय, फक्त घरच्या बाजूनं दोन-चार गोष्टी जोडते, कारण आमच्याकडचं असंच सगळं मी एकटीनं केलंय.

दादा, लाईटीचा विचार करून ठेवा. लांब व्हिडिओ आय थ्रीवर रात्रभर चालतो अन् मधेच लाईट गेली, बॅटरी उतरली की एमपीफोर अर्धवट राहतो अन् अर्धवट एमपीफोर उघडतच नाही, कारण त्याची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. एमकेव्ही नावाच्या दुसऱ्या प्रकारची फाईल केली तर जेवढं झालं तेवढं तरी बहुतेक चालतं. पण त्याहून बरं म्हणजे तीन तासांचा एकच व्हिडिओ करूच नका. हळद वेगळी, लग्न वेगळं, वाट लावणं, म्हणजे नवरीची पाठवणी, वेगळी असे तुकडे करून हँडब्रेकच्या क्यूमधे रांगेनं लावा, गेलं तर एक तुकडा जाईल. दिवसा उन्हाळ्यात करत असाल तर लॅपटॉप गादीवर ठेवू नका, पत्र्याच्या खोलीत तर नकोच, गरम झाला की आपोआप हळू होतो.

तुकडे ठेवण्याचा अजून एक फायदा, बऱ्याच टीव्हीला फॅट थर्टीटू केलेला पेनड्राइव्हच चालतो अन् त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल मावतच नाही. पेनड्राइव्हमधे जागा रिकामी दिसते अन् कॉपी होत नाही, माणूस गोंधळतो. अन् आमच्या सासूबाईंना अख्खं लग्न कधीच बघायचं नसतं, "ती वाट लावतानाचं लाव गं" एवढंच म्हणतात. फायलीला नाव पण तसंच द्या, वर्ष आधी, मग प्रसंग, मग गाव. तारखा आईला विचारून आत्ताच लिहून घ्या. कुणाच्या लग्नात कोण कुणाशेजारी उभंय हे त्यांनाच माहीत असतं, अन् ते लिहायचं सॉफ्टवेअर कुठलंच नाही.

एचटूसिक्सटीफाइव्हच्या नादी लागू नका. साईज कमी होते खरी पण जुना टीव्ही नुसता काळा पडदा दाखवतो अन् आवाज येतो. एचटूसिक्सटीफोर, एएसी ऑडिओ, एमपीफोर, हे जवळपास सगळीकडं चालतं. नोकियाच्या थ्रीजीपीला आवाज एएमआरचा असतो, टीव्हीवर मुका चालतो, त्याला कन्व्हर्ट करावंच लागतं.

व्हाट्सॲपवर पाठवताना गॅलरीतून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातं अन् दाबत नाही. अन् कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्याच टीव्हीला, त्याच पेनड्राइव्हनं, सगळ्या फायली सुरुवात-मधे-शेवट अशा लावून बघा. घरच्या टीव्हीवर चाललं म्हणून भाड्याच्या प्रोजेक्टरवर चालंल असं नसतं.

औसेकर
ताई, आईला विचारायचं एकदम पटलं. काल बसवलं तिला, एका क्लिपमधे मागं उभी असलेली बाई कोण हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं, ती आईची चुलत मावशी निघाली. वही केलीय आता. अन् ७६८ केल्यावर टीव्हीवर चेहरे बरोबर आले. रेषा पण गेल्या.

उमरगा_तालुका
दादा तुमच्या धाग्यात माझं पण विचारतो. आमच्याकडं फायली नाहीत, व्हीएचएस कॅसेट आहे, १९९२ च्या लग्नाची. आमचं गाव किल्लारीच्या बाजूचं, १९९३ च्या भूकंपात जुनं गाव गेलं, आता आम्ही पुनर्वसनात आहोत. त्या कॅसेटमधे वरात जुन्या गावातून फिरलीय, वेस, मारुतीचं देऊळ, आमचा वाडा, अन् नंतर जे राहिले नाहीत ती माणसं. दुसरीकडं कुठंच हे नाही. कॅसेटच्या खिडकीतून रिळावर पांढरट डाग दिसायलेत. व्हीसीआर एका ओळखीच्याकडं आहे, चालतो म्हणतात. ऑनलाईन एक स्वस्तातलं यूएसबी कॅप्चर मागवलंय. घालून लावू का?

हिंगोली_स्टुडिओ
लावू नका! हात जोडून सांगतो, आज लावू नका. ते पांढरट म्हणजे बहुतेक बुरशी आहे. बुरशी लागलेली टेप तशीच चालवली की ती व्हीसीआरच्या हेडला चिकटते, टेप ओरबाडते, तुटते पण. आधी टेप साफ करणारा माणूस शोधा, छत्रपती संभाजीनगरला, पुण्याला जुन्या टेपांचं डिजिटायझेशन करणारे आहेत, त्यांना आधी फोनवर विचारा की बुरशीची टेप हाताळता का, साफ कशी करता. जो "आणा हो, लावून बघू" म्हणंल त्याच्याकडं देऊ नका. कॅसेट कुरियरनं धाडू नका, स्वतः घेऊन जा, तोवर बाकीच्या कॅसेटींपासून लांब, कोरड्या जागी उभी ठेवा, उन्हात मात्र वाळवू नका.

साफ झाल्यावर घरीच करायचं असंल तर आधी त्या ओळखीच्या व्हीसीआरमधे दुसरी एखादी बिनकामाची कॅसेट पूर्ण चालवून बघा, टेप चावत नाही ना. नवीन व्हीसीआर आता मिळणार नाही, शेवटची कंपनी पण २०१६ मधे बनवायची थांबली, म्हणून जो चालतोय त्याला जपा. हेड साफ करून घ्या. मग तुमची कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढं अन् परत मागं गुंडाळून घ्या, बरीच वर्षं घट्ट बसलेली टेप त्यानं मोकळी होते.

यूएसबी कॅप्चरची स्वस्तातली डबी पुष्कळदा अमेरिकेच्या एनटीएससीवर लावलेली असते. सेटिंगमधे पाल करा, ७२० बाय ५७६, २५ फ्रेम, नाहीतर चित्र काळंपांढरं येतं किंवा वर-खाली पळतं. कॅप्चर ओबीएस नावाच्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधे होतं, फुकट आहे, रेकॉर्डिंग एमकेव्हीत ठेवा, बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला साठवायचा डेटा, भरपूर ठेवा, हार्डडिस्क आधी रिकामी करा. त्या वेळी डीइंटरलेस, कलर, आवाजाची खरखर काढणं यातलं काहीही करू नका, जसं आहे तसं येऊ द्या, कॅसेट दुसऱ्यांदा चालंल याची खात्री नाही. अन् सुरुवातीचे पाच मिनिट झाले की थांबवून फाईल उघडून बघा, चित्र आवाज दोन्ही आहे ना, ओठ अन् आवाज जुळतोय ना, मगच अख्खी लावा.

जुन्या गावाचा भाग आला की तेवढ्याचा तुकडा कॅप्चरमधून लॉसलेसकटनं वेगळा काढून गावातल्या चार घरी चार कॉपी ठेवा. साफ करणारा सापडला नाही तर इथंच सांगा, मी माझ्या ओळखीत विचारतो.